रेल्वेने मला खालचा बर्थ दिला! (पंचेचाळिशीनंतरच्या फजित्या इथे लिहा)

सांडगी_मिरची

सावंतवाडीला माहेरी जायचं होतं, एकटीनेच. रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं आणि न मागता खालचा बर्थ मिळाला. माझा जन्म मधल्या बर्थसाठीच झालेला आहे अशी माझी आजवर पक्की समजूत होती, त्यामुळे आनंदाने भावाला फोन केला. तो रेल्वेत नोकरीला नाही, पण रेल्वेतलं सगळं माहीत असणाऱ्या जमातीतला आहे. म्हणाला, "ताई, तुला पंचेचाळीस पूर्ण झाली ना? एकट्या बाईला पंचेचाळिशीपासून खालच्या बर्थचा कोटा असतो. पुरुषांना साठीपासून."

म्हणजे जो वाढदिवस नवऱ्याच्या लक्षात राहिला नाही तो रेल्वेने बरोबर लक्षात ठेवला.

पुढची गंमत गाडीत. माझ्या डोक्यावरचा मधला बर्थ ज्यांना मिळाला होता ते गृहस्थ अठ्ठावन्न वर्षांचे. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. म्हणजे नियमानुसार ते अजून तरुण, आणि मी वयस्क! "ताई, बदलता का?" असं त्यांनी विचारल्यावर मी अशी टुणकन वर चढले की माझं मलाच कौतुक वाटलं. सकाळी कणकवली गेल्यावर उतरायच्या तयारीला लागले. कुडाळ गेलं तरी आधी कुठला पाय खाली सोडायचा ते ठरत नव्हतं. शेवटी त्या काकांनी (हो, काकाच) खालून हात दिला.

माझं निरीक्षण असं, की आपलं वय झाल्याची बातमी आपल्याला सगळ्यात शेवटी मिळते. रेल्वेला आधी कळतं, पार्लरवालीला त्याच्याही आधी. आमचा शिंपी तर फारच सभ्य माणूस. परवा ब्लाउजचं माप घेताना म्हणाला, "ताई, आत दोन बोटं कापड सोडून ठेवतो." लहानपणी आई वाढत्या अंगाचे कपडे शिवून घ्यायची, तेव्हा ते उंचीसाठी असायचं.

तर मंडळी, तुम्हाला ही बातमी कोणी दिली? दुखण्यांवरच्या उपायांचे धागे इथे ढिगाने पडलेत, त्यामुळे औषधं सांगू नका, फजित्या सांगा. अश्वगंधा सुचवणाऱ्याला फाट्यावर मारण्यात येईल. दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

बदलापूर_सेमीफास्ट

हहपुवा (हसून हसून पुरेवाट), मिरचीताई! आमची बातमी लोकलमध्ये फुटली. आयुष्यभर चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून प्रवास केलेला माणूस मी. मध्यंतरी ऐन गर्दीच्या वेळी एका पोराने कानातली बोंडं काढली, खिडकीची सीट सोडली आणि म्हणाला, "बसा अंकल." मी मागे वळून बघितलं, अंकल कोण आहेत ते. मागे खांब होता.

बसलो. बसताना तोंडातून 'हुश्श' निघालं आणि त्या पोराचा अंदाज बरोबर ठरला.

अवांतर : हे हुश्श नक्की कितव्या वर्षी सुरू होतं? आमचे वडील खाली बसले की उठताना 'विठ्ठल, विठ्ठल' म्हणायचे. आम्हाला वाटायचं भक्तिमार्ग. आता कळतंय, तो गुडघेमार्ग होता.

सांडगी_मिरची

गुडघेमार्ग! मेले!! माझ्या सासूबाई 'अगं आई गं' म्हणून उठतात. म्हणजे त्या शाक्त पंथातल्या असाव्यात.

उणे_साडेपाच

विठ्ठल +१.

माझी बाजू जरा वेगळी आहे. मला चौथीत चष्मा लागला, तेव्हापासून दहावीपर्यंत माझं नाव 'ढापण्या'. ज्यांनी ते नाव ठेवलं ते सगळे आता शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत आणि रोज कोणीतरी विनवतो, "अरे, अक्षर मोठं करून टाक, दिसत नाही." मला दिसतं. मी चष्मा काढतो, कागद नाकाला लावतो आणि औषधाच्या पाकिटावरची मुदतसुद्धा घडाघडा वाचतो. ऑफिसात लोक माझ्याकडे सिमकार्डावरचा नंबर वाचून घ्यायला येतात, पूर्वी गावात पत्र वाचून घ्यायला मास्तरांकडे जायचे तसे. मी आधी चहा मागतो. देवाच्या दरबारात उशीर असेल, पण मायनस नंबरवाल्यांना न्याय मिळतो.

नेत्रपल्लवी

उणे_साडेपाच, जरा आवरा :) लांबच्या चष्म्यातून बघितलंत तर तुम्हालाही जवळचं दिसत नसणार. तुम्हाला फक्त तो काढायची सोय आहे.

डोळ्यांची डॉक्टर आहे, म्हणून दोन शब्द फुकट. डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचीक असतं, जवळचं बघताना फुगतं. ते जन्मापासूनच हळूहळू ताठर होत जातं, चाळिशीत फक्त उघडकीला येतं. दहा वर्षांचं पोर डोळ्यांपासून सात-आठ सेंटिमीटरवरचं वाचू शकतं. चाळिशीत तेच अंतर वीस-पंचवीस होतं आणि पन्नाशीत जवळजवळ हातभर. यात कोणाचा दोष नाही, मोबाइलचाही नाही.

पण पेशंट डोळ्यांना दोष द्यायला तयारच नसतात. छपाईला देतात, बल्बला देतात. एक सद्गृहस्थ घरात नव्या ट्यूबलाइट लावून, फोन बदलून, शेवटी वर्तमानपत्रही बदलून मग माझ्याकडे आले. दीडचा नंबर निघाला. 'चष्मा लावला की सवय लागते आणि नंबर वाढतो' हे दुसरं लाडकं मत. नंबर साठीच्या आसपासपर्यंत वाढायचा तो वाढतोच, तुम्ही चष्मा लावा नाहीतर कपाटात ठेवून त्याची पूजा करा.

प्रोग्रेसिव्ह (लांबचं-जवळचं एकाच काचेत) चष्मा घेतला असेल तर एक सांगते. जिना उतरताना नुसती नजर खाली नेऊ नका, मान खाली घाला. काचेच्या खालच्या भागात जवळचा नंबर असतो, त्यातून पायरी धूसर दिसते आणि माणूस हवेत पाय टाकतो.

सत्त्वगुणी

माझे वय ५६. चष्मा नाही. पहाटे साडेचारला उठून दोन तांबे कोमट पाणी, त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे, नंतर हिरवळीवर अनवाणी चालणे. आपली जीवनशैली बिघडली की शरीर तक्रार करते. बाकी चालू द्या.

बदलापूर_सेमीफास्ट

साडेचारला आम्हीही उठतो हो. फक्त स्वेच्छेने नाही, आणि पाणी प्यायला तर अजिबात नाही.

नेत्रपल्लवी

सत्त्वगुणी, ५६ व्या वर्षी चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचता येत असेल तर बहुधा एक डोळा थोडा मायनसमध्ये असेल, नाहीतर मोतीबिंदू नुकताच सुरू झाला असेल. एकदा तपासून घ्या. त्रिफळ्याचं श्रेय नंतर ठरवू. आणि घरचं काहीही डोळ्यांत घालू नका.

सावजी_रस्सा

चष्मे ठेवा बाजूला, पाळी जायच्या वयातल्या हॉट फ्लॅशबद्दल काहून कोणी बोलून नाही राहिलं?

मुंबई-पुण्याच्या बायका लिहितात, "अचानक अंगातून वाफा आल्या." बाप्पा! आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर असते. वाफा आल्या तर समजणार कसं? दोन महिने मी कूलरले शिव्या देऊन राहिली होती. खस बदलली, पंप बदलला, टाकीत बर्फ टाकला. कूलर बिचारा बरोबर चालून राहिला होता. हे म्हणाले, "मले तर थंड वाटते." मले वाटलं यायचीच तब्येत बिघडली. डिसेंबर आला, सगळे स्वेटर घालून हुरडा खाऊन राहिले आणि मी एकटी गच्चीवर पदरानं वारा घेऊन राहिली, तवा कुठं डोक्यात उजेड पडला.

सांडगी_मिरची

रस्साताई, साष्टांग नमस्कार. आमच्याकडे हे युद्ध पंख्याच्या रेग्युलेटरवर चालतं. मी पाचवर, तो दोनवर. रात्री अंधारात दोघेही चोरपावलांनी उठतो आणि भिंतीपाशी भेटतो.

नेत्रपल्लवी

माझा विषय नाही, पण आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय छेचाळीस-सत्तेचाळीस आहे, पाश्चात्त्य देशांत एक्कावन्नच्या आसपास. त्याआधी काही वर्षं हा खेळ चालू असतो. तेव्हा कूलरवाल्याला बोलवायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना एक फोन करा.

पुसेगावकर

आमची बातमी एसटीत फुटली. १७ मार्च २०२३ पासनं बायकांना एसटीत अर्धं तिकीट हाय. पासष्टीच्या पुढं कुणालाबी अर्धं, पंच्याहत्तरीच्या पुढं फुकट. मी, आमची मंडळी आन् आई साताऱ्याला निघालो. आई अठ्ठ्याहत्तर, तिला तिकीट न्हाई. मंडळीला अर्धं. मी त्रेपन्न. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं आन् अगदी मायेनं म्हणला, "आजोबा, आधार कार्ड काढा, तुमचंबी अर्ध्यात हुतंय."

आता पैसं वाचवायचं का अब्रू? मी मोठ्यानं म्हणलं, "फुल द्या." सगळी एसटी बघाय लागली. मंडळी म्हणली, "त्यास्नी चालतंय तर तुमचं काय जातंय?" आन् आईनं मागनं कंडक्टरला सांगितलं, "आरं, लहान हाय त्यो अजून." त्यावर जो हशा झाला तो पार कोरेगाव येईस्तवर पुरला.

येताना मेडिकलातनं डाय आणला. मिशीला लावला. आता मिशी तिशीची, भुवया साठीच्या. मंडळी म्हणती, आधी बरं दिसत हुता.

उणे_साडेपाच

फुटलो! "लहान हाय त्यो अजून" हे आधार कार्डावर छापून घ्या.

पर्वती_पायथा

पुण्यात बातमी फोडायचं काम पर्वती आणि सिंहगड करतात. पर्वतीच्या पायऱ्या एकशे तीन. पूर्वी त्या मोजायच्या असतात हेच माहीत नव्हतं. आता प्रत्येक टप्प्यावर थांबून 'व्यू' बघतो. हा व्यू मी जन्मापासून बघतोय, पण कोणी तरुण शेजारून गेला की मी लगेच शनिवारवाडा कुठे दिसतो ते शोधायला लागतो.

आमचा रविवारचा सिंहगडाचा कंपू आहे. आतकरवाडीतून चढायचं, वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. तिशीत विषय असायचा किती मिनिटांत चढलो. चाळिशीत, कोणते बूट घेतले. आता गाडीने वर जाऊन चालत खाली यायचं की चालत वर जाऊन गाडीने खाली, यावर तात्त्विक चर्चा होते. गुडघ्याला उतरण जास्त छळते, म्हणून चालत चढणारा गट शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. पण गाडीने वर जाणारा गट भज्यांपाशी आधी पोचतो.

गेल्या वर्षी खांदा आखडला. गड चढताना नाही, ट्रेकची सॅक उचलताना नाही. अंघोळीनंतर पाठ पुसताना. कळ अशी, की पंचा तसाच खांद्यावर अडकवून बाहेर आलो. फिजिओने भिंतीवर बोटांनी चढायला सांगितलंय. कळसूबाई चढून आलेला माणूस (१६४६ मीटर) रोज सकाळी बोटांनी स्वयंपाकघराची भिंत चढतो. बायकोने पेन्सिलीने खुणा केल्यात, मुलांची उंची मोजायला करतात तशा. पाहुणे विचारतात, "घरात लहान मूल आहे का?"

आमच्या शाळेच्या ग्रुपवर तर हल्ली रक्ताच्या अहवालांचा निकाल लागतो. तीन महिन्यांची साखर ५.७ च्या खाली म्हणजे उत्तीर्ण, ५.७ ते ६.४ काठावर, ६.५ ला नापास. बोर्डात आलेला आमचा हुशार मित्र ७.२ घेऊन बसलाय आणि शेवटच्या बाकावरचा, तीनदा दहावीला बसलेला, ५.३ चा फोटो रोज चिकटवतो. इतक्या वर्षांनी तो पहिला आलाय. त्याला काढून टाकायचा ठराव ग्रुपवर येऊन गेला, पण ॲडमिन तोच आहे.

बदलापूर_सेमीफास्ट

शेवटच्या बाकाचा विजय असो!

यावरून कोविडची लस आठवली. १ एप्रिल २०२१ ला सरसकट पंचेचाळीस वरच्यांना लस सुरू झाली. त्याच्या आधीचा महिनाभर साठीखालच्यांना फक्त मधुमेह, हृदयविकार वगैरे असेल तरच मिळत होती. आमच्या सोसायटीत जे लोक साखर कोणाला कळू नये म्हणून लग्नात गपचूप जिलबी खायचे, ते डॉक्टरचं सर्टिफिकेट फडकवत रांगेत उभे! आमचे एक शेजारी चव्वेचाळीसचे. दोन महिने आधी जन्माला घातलं नाही म्हणून आईवर रुसले होते. आयुष्यात तेवढ्या एका उन्हाळ्यात म्हातारं असण्याला भाव होता.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत बातमी पोस्टाने येते. पन्नाशीच्या सुमारास एएआरपी या ज्येष्ठांच्या संघटनेचं पत्र पेटीत पडतं, सभासद व्हा, ज्येष्ठांच्या सवलती घ्या. अहो, घराचे हप्ते अजून फिटले नाहीत, मुलीची फी सुरू व्हायचीय, आणि हे मला क्रूझवर पाठवायला निघालेत.

पण खरी बातमी त्याआधीच येते. आतड्याच्या कर्करोगाची तपासणी पूर्वी पन्नासाव्या वर्षी सुरू करायचे, २०२१ पासून ती शिफारस पंचेचाळीसवर आणली. त्यामुळे आमच्या सगळ्या मित्रमंडळाची कोलोनोस्कोपी एकदमच निघाली. पूर्वी आमच्या पार्ट्यांत ग्रीन कार्डाच्या रांगेशिवाय विषय नसायचा. आता आदल्या रात्रीचं रेचक कोणत्या चवीचं बरं लागतं यावर तज्ज्ञांची मतं ऐकायला मिळतात. लिंबाचं टाळा, असा बहुमताचा कौल आहे. बायका दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात. तपासणी करूनच घ्या, त्यात हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं नंतर होतं. भूल उतरताना मी तिथल्या नर्सला शुद्ध मराठीत म्हणालो, "वहिनी, चहा टाका." तिने सहीसाठी कागद आणून दिले.

त्यातून सांगलीहून आईचा हुकूम : पन्नासावं लागलंय, वैष्णवी शांत करून घे. मला साठीची उग्ररथ शांत माहीत होती, पन्नाशीचीही असते हे नव्हतं. गुरुजी मिळाले, ऑनलाइन. पन्नास दिव्यांनी ओवाळायचं ठरलं. तेविसाव्या दिव्याला घरातला धुराचा अलार्म कोकलायला लागला. गुरुजींना वाटलं शंख. ते म्हणाले, "उत्तम, चालू ठेवा."

सावजी_रस्सा

"उत्तम, चालू ठेवा" 😂😂 पोट दुखून राहिलं. आता हेही डॉक्टरले दाखवा लागन.

फुकट_वायफाय

नमस्कार, मी २७. इथे लिहिलं तर चालेल ना? घरी यंदाच्या दिवाळीला सगळे जमले होते तेव्हा मी एक खेळ केला. वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. सतरा किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज तरुण पोरांना टोचतो, मोठ्यांना बहुधा ऐकूच येत नाही. तो फोनवर वाजवला. माझी धाकटी भावंडं कानावर हात ठेवून पळाली. आई, बाबा, आत्या शांतपणे चकल्या खात होते. काका मात्र हट्टाला पेटले. "ऐकू येतोय की! चांगला खणखणीत येतोय!" तोपर्यंत मी फोन बंद करून खिशात ठेवला होता.

काकांना मी अजून सांगितलेलं नाही. ते सगळ्यांना सांगत फिरतायत की त्यांचे कान विशीतले आहेत.

सांडगी_मिरची

ये रे बाळा. सांगू नकोस त्यांना. आणि आम्हाला इथे कोणीही काका-काकू म्हणायचं नाही, हा धाग्याचा एकमेव नियम.

फुकट_वायफाय

ओके काकू. सॉरी, ओके ताई.

बदलापूर_सेमीफास्ट

मंडळी, इतकी समदुःखी माणसं जमलीत तर एक गटग (गेट-टुगेदर) होऊन जाऊ दे. एडिसनकर डिसेंबरात येतायत ना? शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसू, जुन्यासारखं.

पर्वती_पायथा

कट्ट्याला पाठ टेकायला काही नाही.

सांडगी_मिरची

आणि स्वच्छतागृह? ते किती लांब आहे ते आधी बघा. दादरलाच कुठेतरी हॉटेलात बसू. खुर्च्या पाठीच्या हव्यात, बाकडी नकोत. भारतीय बैठक तर नकोच नको, मागच्या वेळी उठताना तिघांनी एकमेकांना धरून साखळी केली होती.

उणे_साडेपाच

पोटमाळ्यावरचं हॉटेल नको, ते लोखंडी जिने बघूनच नेत्रपल्लवींचा हवेतला पाय आठवतो. गाणी मोठ्याने लागलेली नकोत. तारीख शनिवार?

पर्वती_पायथा

शनिवारी फिजिओ. रविवारी दुपारी चालेल, पण एक ते तीन सोडून. तेव्हा झोप.

पुसेगावकर

मी येतो. मिसळ असंल तर सकाळी ठेवा, संध्याकाळी खाल्ली की रात्रभर बसून काढावी लागती.

एडिसनकर

मला जेटलॅग असेल. मी कधीही जागा आहे आणि कधीही झोपलेला.

सावजी_रस्सा

एसी पाहिजेच. आणि एसीखालची खुर्ची माही. यावर चर्चा नाही.

बदलापूर_सेमीफास्ट

मग ठरलं. डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, दादर पश्चिम. तळमजला, एसी, पाठीच्या खुर्च्या. एकच्या आत सगळे घरी.

फुकट_वायफाय

मी आलो तर चालेल?

बदलापूर_सेमीफास्ट

ये की. मेन्यू कार्ड वाचून दाखवायला कोणीतरी हवंच आहे. उणे_साडेपाच प्रत्येक पदार्थाला एक चहा मागेल.

सत्त्वगुणी

मीही येईन म्हणतो. तिथे कोमट पाणी मिळते का, तेवढे कोणी विचारून ठेवा.